दाबा, धरा, सोडा

पहिले पंधरा दिवस गाडी नुसती चिवचिवत होती.
पहाटे पावाच्या टोपल्या घेऊन टेकडी उतरताना
मी रेडिओ मोठा करायचे.
सोमवारी मासळीबाजाराच्या वळणावर
पायाखालून खरखर आली,
पाट्यावर कोरडेच खडे वाटावेत तशी,
आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढ घेऊ लागलं,
खाटकाच्या दारापाशी कुत्रं घेतं तशी.

वाल्परायसोत सपाट म्हणावं असा एक समुद्र.
बाकी सगळा उतार.
गॅरेजवाला आरावेना आकडा म्हणाला,
तो ऐकून मी घरी आले,
गल्लीतल्या टेबलाएवढ्या सपाट तुकड्यावर गाडी लावली
आणि मागच्या चाकांना विटा दिल्या.

बाबा वर खिडकीत.
एकेचाळीस वर्षं बसगाड्यांच्या पोटाखाली निजलेले बाबा,
ज्यांच्या डोळ्यांतला उजेड
साखरेने हप्त्याहप्त्याने नेला.
तिथूनच म्हणाले,
"नट आधी ढिले कर, जॅक मग.
आणि जॅकच्या भरवशावर राहू नकोस,
घोडी लाव."

चाक निघालं. कॅलिपर तारेने टांगला,
नळीवर भार नको.
बाहेरचा पॅड जवळजवळ नवा.
आतला
नुसता पत्रा.
दोघे एकाच दिवशी बसवलेले.

"असं कसं हो?"
"पिन बघ. गंजून अडकली असेल.
मग एकटाच झिजत राहतो,
दुसऱ्याला पत्ताही नसतो
की गाडी थांबतेय."

रविवारी एर्नानचा फोन येतो, अंतोफागास्ताच्या खाणीतून.
बाबांच्या गोळ्या विचारतो, माझं विचारतो,
आवाज कसा गुळगुळीत.
मी काही बोलले नाही.
पिनेला पाना लावला, हिसका दिला,
ती निघाली तेव्हा तिच्यावर
तपकिरी पूड होती, आणि माझ्या बोटाला रक्त.

डिस्क वर नेली. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर डिस्क.
बाबांनी अंगठा फिरवला, सावकाश,
मग नख आडवं नेलं. अडकलं.
"ही गेली," म्हणाले,
ओळखीतल्या कुणाबद्दल सांगावं तसं.
"जोडीने आण. एका चाकाला नवी, एकाला जुनी,
असला धंदा मी केला नाही कधी."

दुपारपर्यंत दोन्ही चाकांत नवं सामान बसलं.
पिनेला ग्रीस, रबराची नवी टोपी.
पण पेडल मऊच, शिळ्या पावात बोट जावं तसं.
हवा.
हवा काढायला दोन माणसं लागतात,
आणि योलांदाबाई बाजारात.
"मी आहे की," वरून आवाज आला.

अकरा पायऱ्या मोजत उतरले.
हाताने दार शोधलं, बसले,
सीट एक खाच मागे घेतली,
आणि मग
आरसा आपल्या उंचीला वळवला.

मी चाकापाशी जमिनीवर,
नळीचं टोक बाटलीत.
"दाबा."
"दाबलंय."
"धरा." निपल उघडलं.
नळीतून जुनं तेल, कॉफीसारखं, त्यात बुडबुडे.
"तळाला गेलं," बाबा म्हणाले.
बंद केलं. "सोडा."
दाबा. धरा. सोडा.
सबंध आयुष्यात मी त्यांना
इतके हुकूम सोडले नव्हते,
आणि एकही त्यांनी मोडला नाही.

बुडबुडे संपले. तेल मधासारखं आलं.
"झालं, बाबा."
ते उतरले नाहीत.
दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर,
घोड्यांवर उभ्या गाडीत.
"कडक आलंय," म्हणाले,
आणि आणखी एकदा दाबून पाहिलं,
जरा आधीच, समोर वळण असावं तसं.

पहाटे चारला टोपल्या भरल्या.
निघण्याआधी पेडल चार वेळा मारलं,
गल्लीतच दोनदा थांबून पाहिलं.
आरशात रस्ता नव्हता,
छताचं फाटकं कापड होतं.
मागे टोपल्याच असतात, तसंही काही दिसत नाही.
मासळीबाजाराच्या वळणापर्यंत
मी तो तसाच राहू दिला.